कवडूचं दुसरं बारसं

सिहोऱ्याच्या बस स्टॉपवर धर्मेंद्रच्या चहाटपरीला लागून एक सिमेंटचा बाक आहे. नोकरी संपल्यापासून माझी सकाळ त्या बाकावर जाते. मी एसटीत कंडक्टर होतो, तुमसर डेपोला. कोणत्या थांब्यावर कोणती बाई पिशवीत कोंबडी लपवून चढते, इथपर्यंत ही लाइन मला पाठ. लोक म्हणतात, डोमाजी फेकतो. फेकतो थोडं. चांदपूरच्या तलावातल्या एका मरळ माशाला मी अर्धं तिकीट फाडलं, कारण तो उभा राहायला तयार नव्हता आणि त्यामुळे उंची मोजता येईना, ही गोष्ट ऐकायला लोक बस सोडून बसायचे.

बाकावर माझ्या डाव्या हाताला कवडू बसायचा. आम्ही एका वर्गात शिकलो, म्हणजे चौथीपर्यंत. पुढे मी तिकीट फाडायला गेलो आणि तो नांगर धरायला.

कवडूची मोठी बहीण जगली, पण तिच्यानंतरची, कवडूच्या आधीची दोन लेकरं गेली होती. त्या काळी शेतकऱ्यांच्या घरांत एक रीत होती. असं घडलं की पुढचं लेकरू सुपात कोंड्यावर ठेवायचं, मागच्या दाराने बाहेर न्यायचं आणि एका कवडीला शेजारणीला विकायचं. लेकरं नेणारं जे काही असेल त्याला वाटावं, हे या घरचं नाही. नाव ठेवायचं कवडू. पोर नीट चालायला-बोलायला लागलं की आईने सूपभर धान घेऊन शेजारणीकडे जायचं, पोर परत विकत घ्यायचं, पुढच्या दाराने घरात आणायचं आणि तेव्हा त्याचं खरं नाव मोठ्याने घ्यायचं. आमच्या घरी हे काही नव्हतं. बाबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि गंडेदोरे वैनगंगेत सोडून आले. त्यामुळे मला ही रीत लांबून बघायला मिळाली, आणि लांबून ती हुशारीचीच वाटते.

कवडूला परत घेणं राहून गेलं. त्याची आई धानाच्या रोवणीच्या दिवसांत साप चावून गेली. बापाने दुसरी बायको केली, तिला मुलगे झाले, आणि विकलेलं पोर परत आणायचं आहे हे कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. तो राहायचा बापाच्याच घरात, पण हिशेबात शेजारणीचा. वाटण्या झाल्या तेव्हा सावत्र भाऊ हसत हसत म्हणाले, तू तर विकलेला, तुझा कोणता हिस्सा. सगळे हसले. वाटण्याही तशाच झाल्या. तलावाखालची बांधी, म्हणजे धानाचं शेत, जिला पाण्याची कधी ददात नाही, ती भावांकडे गेली. कवडूने जन्मभर तिच्यात रोजाने नांगर धरला.

भावांना गावात राव म्हणायचे. कवडूला कवड्या.

त्याची नात रश्मी नागपूरला इंजिनिअरिंगला आहे, त्याच्या मुलाची, भुपेंद्रची मुलगी. दिवाळीच्या सुटीत आली होती. धानाची कापणी चालू होती, घरची मंडळी बांधीत, आणि आम्ही दोघे म्हातारे कवडूच्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, उन्हाला पाठ देऊन बसलेलो. ती लॅपटॉपवर कॉलेजचं काहीतरी करत होती. कवडूने विचारलं काय करून राहिली, तर म्हणाली माणसं बनवून राहिली.

तिने समजावून सांगितलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. आधी एक साचा लिहायचा, ज्याला ते क्लास म्हणतात. साचा म्हणजे माणूस नव्हे. माणसाला नाव असतं, गाव असतं, शेत असतं, एवढंच त्यात लिहिलेलं. मग न्यू म्हटलं की त्या साच्यातून एक माणूस निघतो. पण निघतो तो रिकामा. आधी नुसती जागा मिळते. नावाच्या ठिकाणी नल, म्हणजे काहीच नाही, शेताच्या ठिकाणी शून्य. त्यानंतर कन्स्ट्रक्टर येतो आणि दिलेल्या गोष्टी त्या जागेत भरतो.

"म्हणजे न्यू म्हणजे बाळंतपण," कवडू म्हणाला, "अन् तो दुसरा म्हणजे बारसं."

ती हसली. म्हणाली, तसंच समजा.

"अन् बारसं झालंच नाही त?"

"मंग नलच राहते, आबाजी. माणूस असते, पण त्याले हाक मारली का प्रोग्राम अडकून पडते."

 मग कवडूने विचारलं, चुकीचं नाव भरलं असेल तर मागून बदलता येतं का. ती म्हणाली, या साच्यात नाही. मी नाव पक्कं ठेवलंय, एकदा भरलं की भरलं. नवीन नाव पाहिजे तर नवीन माणूस बनवायचा.

"आणि जुना?" हे मी विचारलं.

जुन्याला कोणीतरी धरून असेल तोवर तो राहतो, ती म्हणाली. कोणाचाच हात त्याच्यावर नसला की मशीन आपणहून त्याला झाडून टाकतं. ते बघावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी बाकावर कवडू मला म्हणाला, मोहाडीला चाल माझ्यासंगं. मोहाडीला त्याची सख्खी मोठी बहीण, गोदावरीबाई. आई गेली तेव्हा ती उशाशी होती. खरं नाव काय ठेवायचं ठरलं होतं ते जगात तिला एकटीला माहीत. इतक्या वर्षांत त्याने तिला विचारलं नव्हतं. मी म्हटलं, आता या वयात नाव घेऊन काय लोणचं घालतो?

"एकडाव रश्मीच्या मशिनीत पायतो गा," तो म्हणाला. "मायनं ठेवलं व्हतं तसं. मराच्या आंधी."

त्याला तेवढंच हवं होतं. शेत नको, भावांशी भांडण नको.

मोहाडीचा बाजार होता, बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कवडूने मांडीवर एक पिशवी धरली होती. तिच्यात नवं धान आणि एक सूप. गोदावरीबाईला आता दिसत नाही. अंगणात खाटेवर बसली होती. कवडूने पिशवीतलं धान सुपात ओतलं आणि सूप तिच्या पुढ्यात ठेवलं. तिने आवाज ऐकला आणि तिचा चेहरा उतरला. हात घालून धान चाचपलं.

"लय उशीर केला," ती म्हणाली. "आता कायले?"

ती माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेने वळली. "डोमाजी, याले समजवा. नाव काई बसून नाई राह्यलं जी. मोठं झालं. मह्या घरात फिरे, खाये, खोकले. मी कोणाले नाई सांगितलं."

म्हातारपणात माणसं असं बोलतात. मी हो ला हो केलं. कवडूने तिचा हात धरून सुपात तसाच दाबून ठेवला होता. शेवटी तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "मारोती."

परत येताना तो बसमध्ये खिडकीकडे तोंड करून ओठ हलवत होता. तुमसर आलं तेव्हा बघितलं, रडत होता.

रश्मीने त्याच दुपारी नाव भरलं. त्याला शेजारी बसवलं आणि म्हणाली, बटण तुम्हीच दाबा. त्याने दाबलं. स्क्रीनवर एक ओळ उमटली. मी चष्मा लावून वाचली.

मारोतराव. सिहोरा. शेत: तलावाखालची बांधी.

रश्मीने ओळ पुन्हा वाचली. मग वर-खाली करून सगळं बघू लागली. तिने मारोती एवढंच लिहिलं होतं. राव लिहिला नव्हता. शेत तर भरलंच नव्हतं, तिथे शून्य यायला हवं होतं. तिने पुन्हा चालवलं, पुन्हा तीच ओळ. काहीतरी चुकलं माझं, असं म्हणून तिने लॅपटॉप मिटला.

"बरोबर हाय," कवडू म्हणाला.

पुढचे काही दिवस तो खुशीत होता. फरक मी आधी पाहिला. धर्मेंद्रने चहाचा एकच ग्लास आणून माझ्यापुढे ठेवला. मी म्हटलं, अन् याचा? तो दचकला, माफी मागितली, दुसरा आणला. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकच. कवडू हसून म्हणाला, याचे डोळे गेले. तिसऱ्या दिवशी तो हसला नाही.

मग त्याचा पुतण्या मोटारसायकल थांबवून मला म्हणाला, "मारोतकाका घरी हायेत का जी? पाणी सोडाचं विचारतो, त्यायच्या बांधीत."

कवडू माझ्या शेजारी बसलेला. "बोल ना," तो म्हणाला, "मीच."

पुतण्याने त्याच्याकडे बघितलं. मी नोकरीत हजारो चेहरे पाहिले. गर्दीच्या बसमध्ये अनोळखी माणूस अंगावर रेलला की आपण जसं बघतो, तसं बघितलं. मग माझ्याकडे बघून कसनुसा हसला आणि गेला.

आम्ही उठलो आणि त्याच्या घरी गेलो. दहा-अकराचं लख्ख ऊन होतं. रुखमिणी, कवडूची बायको, अंगणात धान पसरत होती. मला बघून म्हणाली, या भाऊजी. मग तिची नजर माझ्या मागे गेली, आणि तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

जुन्या बाया परक्या पुरुषासमोर ओढतात तसा.

"कोन पायजे जी?" तिने त्याला विचारलं.

घरातून खोकल्याचा आवाज आला. दोनदा कोरडा खोकला आणि मग घसा खाकरणं. इतकी वर्षं बाकावर तो खोकला माझ्या डाव्या कानाने ऐकला आहे. माझ्या मागे उभा असलेला कवडू खोकला नव्हता.

मारोतराव बाहेर आला. तेच नाक, तेच कान, तीच भुवईवरची खोक. पाठ मात्र ताठ, आणि हातांना घट्टे नाहीत. धोतर पांढरंस्वच्छ. मला बघून मनापासून खुलला. "ये गा डोम्या, तुह्यी गाडी आज इकडं कशी? बाकावर जागा नाई भेटली का?" चौथीतल्या मास्तरांची नक्कल केली. मी कधीकाळी त्याच्या पोराला फुकट नागपूरला नेलं होतं, ते आठवून हसला. सगळं खरं. आमच्या दोघांतलंच. आणि सांगू का, तो माणूस चांगला होता. गोड बोलायचा. कवडू कधी इतकं मोकळं बोलला नाही. कवडूला कोणी मोकळं बोलू दिलं नाही.

"हे सोबतचे पाव्हणे?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, कवडू.

"कवडू," तो म्हणाला आणि जरा आठवल्यासारखं केलं. "मह्या मायनं मह्यं हेच नाव ठेवाचं म्हटलं व्हतं म्हणते. दोन लेकरं गेली व्हती ना पयले. पण तिले नाई विकवलं मले." मग आत वळून म्हणाला, "पाव्हण्याले पाणी दे वो."

रुखमिणीने गडवा आणला. कवडू स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या गडव्याने, पाहुण्यासारखं पाणी प्यायला. गडवा परत देताना त्याने तिचा हात धरायचा प्रयत्न केला. तिने तो झटकलाही नाही, नुसता गडवा काढून घेतला.

त्या दिवसापासून तो माझ्या घरी आहे. माझी बायको गेली, मुलगा अतुल पुण्याला. घर मोठं आहे.

रश्मी नागपूरला निघाली त्या सकाळी मी तिला बस स्टॉपवर गाठलं. कवडू माझ्या बाजूला. मी म्हटलं, बेटा, अजून एक माणूस बनव. ती मलाही आबाजीच म्हणते, माझं ऐकते. बाकावर लॅपटॉप उघडला.

"नाव?"

"कवडू."

तिने लिहिलं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. गाव विचारलं, मी सांगितलं. शेत विचारलं. बायको, मुलं. मी कवडूकडे बघितलं, की तूच सांग, तुझ्या तोंडून जाऊ दे. त्याने तोंड उघडलं.

"रिकामं हाय गा," तो म्हणाला. "हात घालून पायतो त काईच नाई."

रश्मीला ते ऐकू गेलं नसावं. ती माझ्याकडेच बघत होती. "मंग बाकीचं शून्य ठेवते, आबाजी," ती म्हणाली आणि बटण दाबलं. स्क्रीनवर ओळ उमटली, कवडू, सिहोरा, शून्य. बस आली. तिने लॅपटॉप मिटला, वाकून मारोतरावाच्या पाया पडली, आणि पायरीवर चढली. तो नातीला सोडायला आला होता.

त्या थंडीत कवडू उतरत गेला. अंगाने नाही, अंगाने तो तसाच होता. त्याची सावली पडायची, त्याला भूक लागायची. पण मी दोन घटका दुसऱ्या कामात गुंतलो की घरात कोण आहे ते मला चटकन आठवत नसे. खोलीत गेलो की खाटेवर कोणी बसलेलं दिसायचं, आणि मला मोहाडीपासून सुरुवात करून सगळं मनात म्हणावं लागायचं, तेव्हा कुठे तो कवडू व्हायचा. मला आता पंच्याहत्तरी लागली आहे. विसरणं हे माझ्या हातात राहिलेलं नाही.

म्हणून मी ती गोष्ट बाकावर सांगायला लागलो.

पहिल्या दिवशी लोकांना फार आवडली. विकलेलं पोर, सूपभर धान, एकाचे दोन झालेले म्हातारे. मारोतराव स्वतः तिथे होता, सगळ्यांत जास्त तोच हसला. म्हणाला, मरळ माशापेक्षा ही भारी. आणि धर्मेंद्रने, हसता हसता, माझ्यापुढे दोन ग्लास ठेवले. कवडूने ग्लास दोन्ही हातांनी उचलला.

दुसऱ्या दिवशी मी गोष्ट सांगितली नाही. ग्लास एकच आला.

तेव्हापासून रोज सांगतो.

कवडू हा आता माझी थाप आहे. सिहोऱ्यात त्याची तेवढीच जागा उरली. ज्याने जन्मभर दुसऱ्याच्या बांधीत चिखल तुडवला, त्याचं हे झालं.

पण लोक तीच ती गोष्ट किती वेळा ऐकणार? चेहरे दुसरीकडे जायला लागले. एक जण मधूनच उठून बसमध्ये चढला. मग मी थोडं इकडे-तिकडे केलं. माझी सवयच ती. त्याला आधी थोडा तोतरा केला. माणसं परत वळली.

परवा गर्दी होती. मारोतराव होता, पुतण्या होता, सिहोऱ्याच्या बाहेरचेही चार लोक होते. गोष्ट रंगेना. तेव्हा मी, नुसता हशा यावा म्हणून, कवडूचा एक पाय अधू केला. उठून बाकापासून टपरीपर्यंत तसं चालूनही दाखवलं. लोक पोट धरून हसले. धर्मेंद्रने न मागता दोन ग्लास ठेवले. कवडू तेव्हा सोबत नव्हता, अंग दुखतंय म्हणून घरीच थांबला होता.

दुपारी घरी गेलो. तो रांजणाशी पाणी काढत होता.

पेला भरून माझ्याकडे यायला निघाला. डावा पाय जमिनीवरून ओढत. अर्धं पाणी वाटेत सांडलं.

मी विचारलं, पायाला काय झालं?

त्याने खाली बघितलं, मग माझ्याकडे. त्याच्या तोंडावर आश्चर्य होतं, माझ्याबद्दलचं.

"ल-लहानपनापासूनच असा हाय ना गा," तो म्हणाला. "तुले म-माईत नाई का?"